गुलाबाच्या फोटोमागची ताई

बालाघाटातल्या एका खासगी दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. नाव, वय, गाव, सोबत कोण आलंय, एवढं विचारायचं आणि संगणकात भरायचं. या कामानं मला एक खोड लावली आहे. खोटं बोलणारा माणूस उत्तराआधी किंचित थांबतो. ‘ही तुमची कोण?’ असं विचारलं की काही जण चटकन ‘बायको’ म्हणतात, काही जण आधी बाईकडे बघून घेतात. ते सांगतील ते मी भरते, पण ते थांबणं कानात राहून जातं. घरी नवरा म्हणतो, ‘‘तू दवाखान्यात नाही, पोलीस थान्यात पाह्यजे होती.’’

नवरा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. आम्ही तिथल्याच कॉलनीत राहतो. माझं माहेर राज्याच्या हद्दीपलीकडचं, तुमसरकडचं, त्यामुळे विचार मराठीत चालतो आणि कामकाज हिंदीत. आमची एकुलती एक मुलगी इथंच वाढलेली. माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते; रागात असली की पूर्ण हिंदी.

दहावीची परीक्षा संपली आणि तिनं व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पहिला व्हिडिओ बापाच्या कामाच्या कपड्यांवर होता. ती काळी धूळ कशी निघत नाही, आई बादलीत कपडे बुडवते तेव्हा पाणी कसं होतं, असलं काहीतरी. बापाला तो इतका आवडला की त्यानं खाणीतल्या सगळ्यांना दाखवला. मी एवढंच विचारलं, ‘‘हे पाहते कोण?’’

‘‘सब देखते हैं, आई.’’

‘‘सब म्हणजे कोण?’’

ती हसली. तिलाही माहीत नव्हतं, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. खिडकीवर आलेल्या माणसाचं निदान तोंड तरी दिसतं.

मी अट घातली की घराचा पत्ता नाही, फोन नंबर नाही आणि अंगभर कपडे. ती ‘हौ, हौ’ म्हणाली. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना मी तिचा प्रत्येक व्हिडिओ बघायची. ओढणी नीट आहे का, बोलण्यात काही वावगं नाही ना, एवढंच पाहायची. तिच्या मागे काय दिसतंय, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिचा पिहरीचा व्हिडिओ चालला. पिहरी म्हणजे जंगलातली आळंबी. बिरसा तालुक्याकडच्या बाया पानांवर ढीग मांडून रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. मुलीनं ती विकत आणण्यापासून रस्सा होईपर्यंत सगळं टिपलं. मी पिहरी धुताना तिला फक्त माझे हात घ्यायचे होते, पण मोबाईल क्षणभर वर गेला आणि त्यात माझं तोंड आलं. ‘‘ते काढून टाक,’’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आई, आधा सेकंद का है. कौन देखेगा?’’

पाहणाऱ्यानं पाहिलं होतं, हे पुढे कळलं.

तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. अकरावी-बारावी इकडे शाळेतच असते; तिथल्या बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं. खाली लोकांच्या प्रतिक्रियांची रांग लागली. मी त्या एकेक करून वाचायची. कुणाच्या फोटोच्या जागी फूल, कुणाच्या जागी देव, कुणाच्या जागी वाघ. खरं तोंड असलेला माणूस त्यांत शोधावा लागायचा. काही घाण लिहीत, ते मुलगी लगेच पुसून टाकायची. त्या घाण लिहिणाऱ्यांची मला फार भीती वाटली नाही. ते कसे आहेत ते दिसत होतं.

त्यांच्यात एक ताई होती. नावाच्या जागी नुसतं ‘ताई’ आणि फोटोच्या जागी गुलाब. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. ‘खूप छान बाळा. आईच्या हातची चव दिसते आहे.’ खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. इतक्या हिंदीत कुणीतरी आपल्या भाषेत पोरीचं कौतुक करतंय. मीच मुलीला म्हणाले, ‘‘तिले उत्तर देशील हं, चांगली बाई वाटते.’’

ताई गोंदियाजवळच्या एका गावातली असल्याचं सांगायची. मुलींसाठी पारंपरिक कपडे शिवते, छोटासा धंदा आहे, तुझ्यासारख्या साध्या मुलींनी ते घालून व्हिडिओ करावेत अशी इच्छा आहे, असं तिनं मुलीला वेगळ्या संदेशात लिहिलं. मुलगी स्वयंपाकघरात नाचतच आली. नवरा म्हणाला, ‘‘पाह्य, आपल्या पोरीले काम येऊन राह्यलं.’’

‘‘कामाआधी बाई पाहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘फोन लाव तिले.’’

ताई फोनवर आली. आवाज बाईचाच होता, गोड, पण थोडा डब्यातून आल्यासारखा. बोलणं पुस्तकातलं. ‘मला’, ‘तुम्हाला’, ‘काळजी करू नका हं’. आमच्याकडची बाई ‘मले’ म्हणेल, ‘तुमाले’ म्हणेल, ‘काहून’ म्हणेल. शिकलेली असेल तर नीट बोलेलही, पण बोलता बोलता एखादा ‘हौ’ तरी सुटतोच. हिचा एकदाही सुटला नाही.

‘‘ताई, तुमचं माहेर कोणतं?’’ मी विचारलं.

ती थांबली. मग म्हणाली, ‘‘इकडचंच.’’

‘‘इकडचं म्हणजे?’’

‘‘आवाज कट होतोय. मी नंतर करते,’’ आणि फोन बंद.

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘नेटवर्क का प्रॉब्लेम है.’’

‘‘नेटवर्क माहेराच्या प्रश्नावरच काहून गेलं?’’

‘‘आई, तुले ना सगळेच चोर दिसतात.’’

त्या दिवसापासून घरात मी एकटी पडले. बापलेक एका बाजूला आणि मी दुसऱ्या. काही ठोस म्हणावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. एक थांबणं आणि एक न सुटलेला ‘हौ’, एवढ्यावर कुणाला काय सांगणार? मी गप्प राहिले, पण नजर ठेवली. मुलगी मोबाईल उलटा ठेवायला लागली. मी खोलीत गेले की तिचा अंगठा पडद्यावरून भर्रकन सरकायचा. एकदा मी विचारलं, ‘‘ताईचे जुने मेसेज कुठं गेले? काल तर दिसत होते.’’ ती म्हणाली, ‘‘ताईनं सेटिंग केली आहे. वाचले की आपोआप जातात.’’

‘‘कपडे विकणाऱ्या बाईले आपलं बोलणं पुसायची काय गरज?’’

‘‘सब करते हैं,’’ ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला तो खिडकीवरचा भाव दिसला. माझीच पोर, आणि उत्तर देण्याआधी थांबली.

माझा संशय मग पसरतच गेला. कॉलनीतल्या मोबाईल दुकानवाल्याकडे मी नवीन नजरेनं बघू लागले, कारण तिचा रिचार्ज तोच मारतो. शेअर ऑटोच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले की मी ओढणी सावरायची, ती माझी नव्हे, मुलीची. तिला राग यायचा आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. दवाखान्यात एखादा बाप्या उगाच दोनदा खिडकीशी आला तरी मनात यायचं, हाच तर नसेल?

मग ताईचं बोलावणं आलं. रविवारी लांजीच्या किल्ल्यावर शूटिंग ठेवलं आहे, कपडे तिथंच मिळतील. आईला आणू नकोस, मोठी माणसं समोर असली की मुली अवघडतात, असंही लिहिलं होतं. हा संदेश मुलीनं स्वतःहून मला दाखवला. तिच्याही मनात काहीतरी खटकलं असणार. पण ते कबूल करायला ती तयार नव्हती. ‘‘बघ, तुझ्यापासून मी काही लपवत नाही,’’ एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला समोर बसवलं. ‘‘लांजीले पोर एकटी जाईल?’’ मी विचारलं. त्यानं मुलीचा मोबाईल मागून तो संदेश पुन्हा वाचला. मग म्हणाला, ‘‘नाही जाणार.’’ त्याचा गर्व तिथं उतरला. त्याला फोन करून त्या बाईला शिव्या घालायच्या होत्या. मी अडवलं. ती आहे कोण, हे मला आधी पाहायचं होतं. नुसत्या शिव्या दिल्या तर गुलाबाच्या जागी उद्या मोगरा येईल.

मुलीच्या मोबाईलवरून मीच लिहिलं की लांजी लांब पडते, आधी बालाघाटच्या बस स्टँडवर भेटू, सकाळी, तिकीट खिडकीसमोर. ताई कबूल झाली. मुलगी बापाजवळ घरी थांबणार आणि मी स्टँडवर जाणार, असं ठरलं. आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन, असं करू नका, थेट पोलिसांत जा. पण त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की एकदा तोंड दिसू दे.

मी तिकीट खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसले. रविवारची गर्दी होती. लांजीची बस भरत होती, कंडक्टर ओरडत होता, एक म्हातारी कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मी बायांची तोंडं निरखत होते. चाळिशीची एकटी बाई, हातात कपड्यांची पिशवी, असं काहीतरी मनाशी धरलं होतं. तशा दोन बाया आल्या. एक बसमध्ये चढून गेली, दुसरीला घ्यायला तिचा मुलगा आला.

बराच वेळ गेला. मग माझा मोबाईल वाजला. मुलगी होती.

‘‘आई, तू उठ तिथून.’’

‘‘काहून, काय झालं?’’

‘‘ताईचा मेसेज आला आत्ता. म्हणते, तूने मुझे धोका दिया. तू आली नाहीस, आईला पाठवलंस. आई, ती म्हणते तू हिरव्या साडीत बाकड्यावर बसली आहेस, बाजूला कोंबड्यांची टोपली आहे.’’

मी हिरव्या साडीतच होते. मान वर करून पाहिलं तर स्टँडवर निम्म्या माणसांच्या हातात मोबाईल आणि माना खाली. पानाच्या ठेल्यावरचा पोरगा, बसच्या दारातला क्लीनर, कपाळावर हात धरून पडदा बघणारे एक काका. यांतल्या कुणीही आत्ताच माझ्याबद्दल लिहिलं असेल. मी त्याला ओळखत नव्हते आणि तो मला ओळखत होता, त्या अर्ध्या सेकंदाच्या तोंडावरून.

पळून जावंसं वाटलं. शेजारच्या म्हातारीचा हात धरून बसावंसंही वाटलं. पण मग कुठून कोण जाणे, राग आला. मी उभी राहिले, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि व्हिडिओ सुरू केला. आयुष्यातला माझा पहिला व्हिडिओ. तिकीट खिडकीपासून सुरू करून सावकाश गोल फिरले. ठेले, बसगाड्या, फाटक, सायकली, मोटारसायकली. लोक बघायला लागले. कुणी विचारलं, ‘‘क्या हुआ मैडम?’’ मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘कुछ नहीं, सबका फोटो ले रही हूँ.’’ तेवढ्यात फाटकाजवळ उभ्या मोटारसायकलीवरच्या एका माणसानं हेल्मेटची काच खाली ओढली आणि गाडी वळवून तो निघून गेला. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही. स्टँडवरून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले आणि तिथून घरी फोन करून दोघांना बोलावून घेतलं.

ठाण्यात महिला डेस्कवर एक तरुण पोलीस बाई होत्या. माझ्या नवऱ्यानं आल्या आल्या मुलीचा मोबाईल हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘ह्याच्या आयला, पहिले हा फोडतो.’’ बाईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला. म्हणाल्या, ‘‘भैया, यही तो सबूत है. कुछ डिलीट मत करना, न मैसेज, न अकाउंट.’’ मग त्यांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला विचारलं, आईसमोर बोलशील की एकटी? मुलगी म्हणाली, ‘‘आईसमोर.’’

तिनं सांगितलं. मापासाठी म्हणून ताईनं फोटो मागितले होते, समोरून, बाजूनं. एक तिनं पाठवला होता, शाळेच्या खेळाच्या कपड्यांतला. त्यानंतर ताई दुसरे मागत होती, कमी कपड्यांतले, आणि नाही पाठवलेस तर पहिलाच फोटो खराब करून शाळेच्या ग्रुपवर टाकीन म्हणत होती. हे कितीतरी दिवस चाललं होतं. मुलीनं दुसरा पाठवला नव्हता. ती एकटीच सगळं सोसत राहिली होती, आणि मी त्याच घरात तिच्या मोबाईलवर नजर ठेवून फिरत होते.

‘‘मले काहून नाही सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘तू म्हटलं असतं ना, ‘मी आधीच बोलली होती.’’’

मी म्हटलंच असतं. पोलीस बाईंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि मला म्हणाल्या, ‘‘मैडम, अभी वो मत बोलिए.’’ मी नाही बोलले.

मग त्यांनी मुलीचे व्हिडिओ एकेक लावले आणि आम्हाला त्यांच्या शेजारी बसवून दाखवलं. एकात खाणीचा भोंगा ऐकू येतो. एकात कॉलनीच्या फाटकावरची पाटी. दोरीवर वाळणारा शाळेचा गणवेश, त्यावरचा बिल्ला. एका व्हिडिओत ती ‘आज पप्पांची नाइट आहे’ म्हणते. आम्ही पत्ता दिला नव्हता म्हणून निर्धास्त होतो, आणि पत्ता असा तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला होता. माझ्या बस स्टँडच्या व्हिडिओतला मोटारसायकलवाला मात्र मुलीनंच शोधला. ती तो तुकडा मागे-पुढे करत राहिली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, यही. बाकी सब आई को देख रहे हैं, ये अकेला मुँह छुपा रहा है.’’ गाडीच्या पाटीवर चिखल होता, पण काही आकडे वाचता येत होते.

पुढचे दिवस वाईट गेले. फोटो शाळेच्या ग्रुपवर येईल या भीतीनं आम्ही तिघंही मोबाईल वाजला की दचकायचो. मुलीनं स्वतःच शाळेतल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं, म्हणजे आला तरी त्यांना धक्का बसायला नको. ते तिचं तिलाच सुचलं. फोटो कधी आला नाही. कॉलनीत मात्र कुजबुज झाली. ‘व्हिडिओ करणाऱ्या पोरींचं असंच होते,’ असं एक बाई नळावर माझ्या पाठीमागे म्हणाली. मी वळून तिला म्हटलं, ‘‘हौ का? आणि फसवणाऱ्या बाप्यांचं काय होते, ते नाही सांगितलं तुमी.’’ त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

काही महिन्यांनी ठाण्यातून बोलावणं आलं. माणूस सापडला होता. गोंदियाचा नाही, बालाघाटचाही नाही. शेजारच्याच एका जिल्ह्यातला, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. आवाज बदलायचं काहीतरी मोबाईलमध्ये टाकून तो बाई व्हायचा. मराठी त्याला येत होतं, पण शहरात शिकलेलं. त्याच्याकडे बऱ्याच मुलींचे फोटो सापडले होते. तो कसा सापडला ते पोलीस बाईंनी पूर्ण सांगितलं नाही. गाडीच्या आकड्यांचाही उपयोग झाला, एवढं म्हणाल्या. मुलीला जबाब द्यायचा होता. तिनं दिला, न रडता, पूर्ण हिंदीत. तिला राग आला होता.

खटला अजून चालू आहे. काय होईल, सांगता येत नाही. जामीन, तारखा, आणि त्याच्या वकिलाचं ‘मुलीनं फोटो स्वतःच पाठवला ना?’ हे सगळं आम्ही ऐकून घेतलं आहे.

मुलगी आता कॉलेजात आहे. वर्षभर तिनं काहीच टाकलं नाही. मग एक दिवस पुन्हा सुरू केलं. आधी घरात फिरून भिंतीवर, दोरीवर, खिडकीत काय दिसतंय ते बघते. गेलेल्या जागेचा व्हिडिओ परत आल्यावरच टाकते. अनोळखी माणसाचा संदेश आला की मोबाईल माझ्यापुढे सरकवते आणि विचारते, ‘‘आई, हा थांबला का बोलताना?’’ मी वाचते आणि मला वाटेल ते सांगते. कधी माझा संशय फुकट जातो. मागे नागपूरच्या एका खऱ्याखुऱ्या कॉलेजच्या मुलीला मी इतके प्रश्न विचारले की तिनं पुन्हा लिहिलंच नाही. मुलगी त्यावर रागावली, आणि तिचं बरोबर होतं.

जबाबाच्या दिवशीचं एक मात्र सांगायचं राहिलं. ठाण्याच्या व्हरांड्यात बिरसाकडची एक बाई बसली होती, सोबत आमच्या मुलीपेक्षा लहान पोरगी. पोरीनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं. तिच्या आईनं मला हळूच सांगितलं की पोरीनं शाळा सोडली, घराबाहेर निघत नाही. कशासाठी आलात, हे मी विचारलं नाही. आमची मुलगी त्या पोरीच्या बाजूला जाऊन बसली. मग मुलीनं आपला मोबाईल काढला आणि दोघींच्या मध्ये धरला. थोड्या वेळानं पोरीची ओढणी खाली आली. त्या काय बघत होत्या ते मला दिसत नव्हतं. मी उठून बघायला निघाले, अर्ध्यात थांबले, आणि त्या बाईच्या शेजारी परत येऊन बसले.